शापित शेतांचे कोडे

फ्रान्समधील बोस भागात मेंढपाळ काही शेतांना ‘शापित’ म्हणत. तिथे कळप चरला की धडधाकट मेंढ्या अचानक कोसळत. त्यांचे रक्त काळे पडलेले असे. हा आजार म्हणजे अँथ्रॅक्स. आपल्याकडे त्याला फाशी किंवा काळपुळी म्हणतात.

हे कोडे उलगडणारे लुई पाश्चर ना पशुवैद्य होते, ना डॉक्टर. कातडी कमावणाऱ्याच्या घरात १८२२ मध्ये जन्मलेले पाश्चर शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली, तरी संशोधन थांबले नाही.

१८७६ मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात तग धरतो, हे दाखवले. पण पुरलेल्या जनावरातला रोग वर कसा येतो? शार्त्रजवळच्या एका शेतात पाश्चर यांना मातीचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा दिसला. आदल्या वर्षी तिथे मेलेल्या मेंढ्या पुरल्याचे मालकाने सांगितले. त्या जागेवर गांडुळांच्या विष्ठेचे असंख्य गोळे होते. त्या मातीत जिवंत बीजाणू सापडले. गांडुळे ते वर आणतात, काटेरी चाऱ्याने जनावराच्या तोंडाला जखमा होतात आणि तिथून रोग शिरतो, असे अनुमान पाश्चर यांनी काढले. मेलेली जनावरे चराऊ जमिनीत पुरू नका, असा सल्लाही दिला.

पुढचे पाऊल लसीचे. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथे त्यांनी २४ मेंढ्यांना दोनदा लस टोचली, २४ तशाच ठेवल्या. ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचले. २ जूनला लोक जमले, तेव्हा लस न दिलेल्या बहुतेक मेंढ्या मरून पडल्या होत्या. उरलेल्या त्याच दिवशी गेल्या. लस दिलेल्या सर्व उभ्या होत्या.

पाश्चर १८९५ मध्ये वारले. मेंढपाळांचे निरीक्षण खरे होते. चुकले होते ते कारण. बीजाणू मातीत अनेक दशके टिकतात. म्हणूनच जनावर अचानक दगावले आणि नाकातोंडातून काळसर रक्त आले, तर ते फाडू नये, हात लावू नये. आधी पशुवैद्यकाला बोलवावे.