कोटितीर्थाचा चित्रकार

सातारा व सांगली जिल्ह्यांतून वाहत आलेली कृष्णा नरसोबाच्या वाडीस पंचगंगेला भेटते. त्याच पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापुरात, कुराणाच्या प्रती सुंदर अक्षरांत लिहिणाऱ्या घराण्यात, आबालाल रहिमान यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन ते गावी परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांचे गुण ओळखले व त्यांना राजाश्रय दिला.

परंतु आबालालांचे मन दरबारापेक्षा कोटितीर्थ तलावाच्या काठी अधिक रमे. जपानी चित्रकार घडीच्या पडद्यांवर चारही ऋतूंची शोभा रेखाटीत; आबालालांनी या एका तलावाचीच नाना रूपे चितारली. ऋतूबरोबर पाण्याचा रंग पालटतो, प्रहराबरोबर झाडांची सावली सरकते. हे बदल ते तासन्‌तास न्याहाळीत आणि जलरंगांत उतरवीत.

१९२२ साली महाराज निवर्तले. आश्रयाचे छत्र हरपले, तरी आबालालांनी कोटितीर्थाचा काठ सोडला नाही. १९३१ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांची कितीतरी चित्रे पुढे नाहीशी झाली. जी उरली, त्यांत जुन्या कोल्हापूरचे पाणी, झाडे आणि सांजवेळचा उजेड अजून जिवंत आहे. रोजच्या ओढ्याकडे, रोजच्या झाडाकडे मन लावून पाहणे हीसुद्धा एक साधनाच होय.