ग्रेस हॉपर आणि माझी जुनी वही

माझ्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक प्रमाणपत्र आहे. कोबोल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं. १९९२ साली मी मलकापूरहून एसटीनं कोल्हापूरला क्लासला जायचे. भाताचे पैसे आले तशी वडिलांनी फी भरली. क्लासात कॉम्प्युटर दोनच, म्हणून आम्ही सगळं वहीत लिहायचो आणि आठवड्यातून एकदा यंत्रापुढं बसायला मिळायचं. प्रमाणपत्र हातात पडेतोवर लोक म्हणायला लागले, आता या भाषेला विचारतंय कोण! मग लग्न झालं. वडील कधी काही बोलले नाहीत, पण त्यांचे पैसे घालवल्याची बोच राहिली ती राहिलीच.

यंदा गणपतीला लेक घरी आली ती तोंड उतरवूनच. सिव्हिल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. २०१९ चा पूर पाहिलेली पोर, म्हणून प्रोजेक्टही तिनं नदीच्या पुराच्या गणिताचाच घेतलाय. आता ते गणित कॉम्प्युटरला कुठल्या भाषेत सांगायचं? मैत्रिणी म्हणतात पायथन, वरच्या वर्गातली मुलं म्हणतात सी प्लस प्लस, आणि सरांकडचा जुना प्रोग्रॅम फोर्ट्रानमधला. चुकीची भाषा धरली तर वर्ष वाया, या भीतीनं तिला जेवण जाईना. तिच्या जागी मला मीच दिसत होते.

मी काय सल्ला देणार, कपाळ! पण माझ्या कोबोलच्या मागं एक बाई होती, एवढं क्लासात ऐकलं होतं. मग त्या बाईंविषयी मिळेल ते वाचत गेले.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आत कसं चालतं ते बघायला तिनं एक उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं, मग तिसरं, असं करत घरातली सात घड्याळं मोकळी केली. आईनं तिला फटकावलं नाही. फक्त यापुढं एकच घड्याळ उघडायचं, असं ठरवून दिलं. (आपल्याकडे असती तर?) पुढं गणित शिकली, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, कॉलेजात शिकवू लागली. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. मूलबाळ नव्हतं.

दुसरं महायुद्ध पेटलं आणि तिनं नौदलात जायचं मनावर घेतलं. वय सदतिसाच्या घरात, वजन नियमापेक्षा कमी, वर गणिताची प्राध्यापक म्हणून तिला सोडायलाही कुणी तयार नाही. तरी परवानगी काढून ती गेलीच. १९४४ मध्ये तिला हार्वर्डला मार्क वन या यंत्रावर नेमलं. हे यंत्र ५१ फूट लांब. त्याला आपलं बोलणं कळायचं नाही, कागदी पट्टीला भोकं पाडून आकड्यांत एकेक पायरी सांगावी लागायची. तोफगोळा कुठं पडेल असली गणितं त्यावर चालत. म्हणजे भाषा निवडायचा प्रश्नच नव्हता. यंत्राची भाषा माणसानं शिकायची, बस्स.

इथं मला आपली कांदा-लसूण चटणीची वही आठवली. सासूबाईंचं प्रमाण आपण उतरवून घेतो, आपल्याकडून जाऊ उतरवते, आणि कुठंतरी पाव किलोचं अर्धा किलो होतं नि वर्षाची चटणी बिघडते. ग्रेस आणि तिच्या सोबत्यांचं असंच व्हायचं. एकदा नीट जमलेली गणितं ते वहीत ठेवत, लागली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत, आणि उतरवताना हमखास चुका होत. तिच्या मनात आलं, हे उतरवायचं काम यंत्रच का करू नये?

युद्ध संपलं. हार्वर्डमध्ये तिला कायमची जागा मिळाली नाही, तिच्या विभागात बायकांना तशी जागा नव्हतीच. १९४९ मध्ये ती युनिव्हॅक यंत्र बनवणाऱ्या कंपनीत गेली. तो काळ तिला फार जड गेला, दारूनंही तिला घेरलं होतं. ते लपवून तिची नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. त्यातून ती उठली आणि १९५२ पर्यंत तिनं कंपायलर तयार केला. जमलेल्या गणितांना नंबर द्यायचे, आपण नंबर सांगायचा, की यंत्र स्वतः ते शोधून योग्य जागी जोडणार. लोकांचा विश्वास बसेना. कॉम्प्युटरनं हिशेब करावेत, प्रोग्रॅम कसा जुळवेल, असं तिला ऐकवलं गेलं.

मग ती आणखी पुढं गेली. तिनं पाहिलं, की गणितवाल्यांना चिन्हं आवडतात, पण हिशेब ठेवणाऱ्यांना साधे शब्द हवेत. म्हणून तिच्या हाताखाली दोन भाषा झाल्या. शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठी मॅथमॅटिक आणि कचेरीच्या कामासाठी फ्लोमॅटिक.

आता गंमत बघा. १९५७ मध्येच आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सोबत्यांनी फोर्ट्रान आणली. आयबीएमच्या ७०४ या यंत्रात मोठ्या दशांशी गणितांची सोय आतच होती, ग्रेसच्या युनिव्हॅकमध्ये ती नव्हती. फोर्ट्रान भराभर चाले, मॅथमॅटिक रखडे. शास्त्रज्ञ फोर्ट्रानकडे गेले. स्वतः गणितात डॉक्टर असलेल्या बाईंच्या गटाची गणिताची भाषा मागं पडली, आणि कचेरीच्या भाषेवरून १९५९-६० मध्ये कोबोल उभी राहिली. ती एकट्या ग्रेसनं केली नाही, समितीनं केली, पण पाया तिच्या फ्लोमॅटिकचा. आजही कित्येक बँकांचे हिशेब कोबोलवर चालतात. (हे वाचलं तेव्हा ट्रंकेकडं बघून मी एकटीच हसले.)

फोर्ट्रानही गेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं, त्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी फोर्ट्रानमध्येच गणितं सोडवली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत पावसाच्या अंदाजाचे जे मोठे प्रोग्रॅम चालतात, तेही बरेचसे फोर्ट्रानमधले. आंबा घाटाकडून चढून येणाऱ्या पावसाचा हिशेब असा सत्तरीच्या घरातल्या भाषेत होतो! त्या भाषेत वर्षानुवर्षं तपासून घेतलेली गणितं आहेत, आकड्यांच्या मोठ्या रकान्यांवर ती चपळ आहे, मग नवी आली म्हणून कोण टाकेल?

ग्रेसला १९६६ च्या अखेरीस नौदलानं निवृत्त केलं आणि सातच महिन्यांत परत बोलावलं. जो तो यंत्रवाला आपापली वेगळी कोबोल वापरत होता, ती एकसारखी करायची होती. सहा महिन्यांसाठी गेलेली बाई १९ वर्षं राहिली. १९८६ मध्ये रिअर अॅडमिरल होऊन वयाच्या ७९ व्या वर्षी निवृत्त झाली. १ जानेवारी १९९२ ला ती गेली. मी क्लासला नाव घातलं, ते त्याच वर्षी.

हे सगळं मी लेकीला ऋषीची भाजी निवडता निवडता सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मला उलट विचारलं, की मग नदीचं गणित आधी कुणी करून ठेवलंय ते बघायला नको का? सरांचा प्रोग्रॅम तिनं अजून नीट उघडूनही पाहिला नव्हता. रात्री फोन करून तिनं सरांकडून तो मागवला. पुराचं मुख्य गणित त्यातच ठेवायचं, त्यापुरती फोर्ट्रान शिकायची, आणि आलेल्या आकड्यांचे आलेख पायथनमध्ये काढायचे, असं सध्या ठरलंय. जमेल का नाही, ते तिचं तिलाच माहीत.

जायच्या आदल्या दिवशी तिनं ट्रंक उघडायला लावली. प्रमाणपत्र बाजूला ठेवून माझी कोबोलची वही चाळत बसली. प्रत्येक शून्यावर तिरकी रेघ का मारलीय, तिला कळेना. इंग्रजी ओ आणि शून्य यांत गल्लत होऊ नये म्हणून, मी सांगितलं. वही ती बरोबर घेऊन गेली.