ॲना फ्रॉइड आणि युद्धातील मुले

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या सहा अपत्यांपैकी ॲना या धाकट्या. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडिलांच्या शास्त्रात नाव मिळवण्यापूर्वी त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि मुलाकडे पाहण्याची शिक्षिकेची नजर त्यांनी पुढेही सोडली नाही. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. गेस्टापोच्या चौकशीला तोंड देऊन आलेल्या ॲना त्याच वर्षी वृद्ध, आजारी वडिलांसह लंडनला पोहोचल्या. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले आणि वडीलही निवर्तले.

लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा ॲना व त्यांच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घर विस्कटलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहे काढली. तेथे मुलांचे वागणे रोज टिपून ठेवले जाई. त्या टिपणांतून जे दिसले ते अनेकांना अनपेक्षित होते. आई जवळ असेल आणि ती स्वतः शांत असेल, तर लहान मूल बॉम्बचा आवाजही बऱ्याच अंशी सोसते. सुरक्षित खेड्यात पाठवलेले, पण आईपासून एकाएकी तुटलेले मूल मात्र आतून कोसळते.

तीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. रडलास तर आई भेटायला येणार नाही, अशी ताकीद त्याला मिळाली होती. तो रडला नाही. आई येईल, कोट चढवील, टोपी घालील, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राही. हे सारखे बोलू नकोस, असे कोणी म्हटल्यावर शब्द थांबले. कोट चढवण्याची, टोपी घालण्याची नुसती खूण हात करू लागले. पुढे तीही आखडत गेली. इतर मुले खेळत असता तो कोपऱ्यात उभा राहून हात आणि ओठ हलवीत असे. शहाणे मूल म्हणून ज्याचे कौतुक व्हावे, त्याचे दुःख किती खोल असू शकते, हे यावरून ध्यानात येते. वसतिगृहाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ॲना यांनी मग बालगृहाची घडीच बदलली. आईवडिलांना कोणत्याही वेळी भेटण्याची मुभा दिली. काही मातांना तेथेच काम दिले. चार-पाच मुलांमागे एकच सेविका नेमून छोटी कुटुंबे केली. प्रारंभी मत्सर, भांडणे, रडारड उसळली. पण त्याच मुलांचे अडलेले बोलणेही झपाट्याने सुधारले. हवाई हल्ल्यात वडील गमावलेला एक मुलगा कागदाची घरे मांडून त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकी आणि प्रत्येक वेळी माणसांना वाचवी. त्याला कोणी अडवले नाही. कित्येक महिन्यांनी वडिलांच्या मृत्यूची गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली, तेव्हा तो खेळ आपोआप थांबला.

ॲना यांच्या चार वृद्ध आत्यांना १९४२ मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत नेण्यात आले. एकही परतली नाही. त्याच छावणीतून वाचलेली, तान्हेपणीच आईबापांना अंतरलेली सुमारे तीन वर्षांची सहा मुले १९४५ मध्ये ससेक्समधील एका घरात आली. ॲना यांच्या देखरेखीखाली त्यांचा सांभाळ झाला. ती खेळणी मोडत, मोठ्यांना चावत; मात्र आपल्यापैकी एकालाही दृष्टीआड होऊ देत नसत आणि खाऊ आधी सोबत्याला देत. आई त्यांना लाभली नव्हती. ती एकमेकांचीच आई झाली होती.

युद्धानंतर ॲना यांनी लंडनमध्येच बालमानसोपचाराचे शिक्षण आणि चिकित्सालय उभारले. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.