रिचर्ड ॲलन

रिचर्ड जेम्स ॲलन (जन्म : ४ जून १९०२, नागपूर, मृत्यू : १९६९) हे भारतीय हॉकीपटू व गोलरक्षक होते. १९२८, १९३२ आणि १९३६ या सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत त्यांचा समावेश होता. या तिन्ही संघांत असलेले ध्यानचंद आणि ॲलन हे दोनच खेळाडू होत.

प्रारंभिक जीवन

ॲलन यांचा जन्म तत्कालीन मध्य प्रांतातील नागपूर येथे अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मसुरीजवळील ओक ग्रोव्ह शाळेत व नंतर नैनिताल येथील सेंट जोसेफ कॉलेज या शाळेत झाले. ओक ग्रोव्ह ही ईस्ट इंडियन रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा होती. पुढे ते बंगालच्या संघाकडून खेळू लागले.

कारकीर्द

१९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे भारत प्रथमच ऑलिंपिक हॉकीत उतरला. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्स या पाचही संघांविरुद्ध ॲलन यांनी गोलरक्षण केले व एकही गोल होऊ दिला नाही. भारताने स्पर्धेत २९ गोल केले.

१९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारत, जपान व अमेरिका हे तीनच संघ होते. जपानविरुद्ध आर्थर हिंड गोलरक्षक होते. अमेरिकेविरुद्ध ॲलन खेळले व भारताने तो सामना २४-१ असा जिंकला.

१९३६ साली बर्लिन येथे ते चार सामने खेळले. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते. त्यामुळे १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्याचे दडपण मोठे होते. मध्यंतरापर्यंत भारताची आघाडी केवळ १-० होती. अशा वेळी गोलरक्षकाची एक चूकही महागात पडली असती. अखेर भारताने ८-१ असा विजय मिळवला. तीन स्पर्धांतील दहा सामन्यांत ॲलन यांच्यावर दोनच गोल झाले.

लोकप्रियता व मूल्यमापन

अमेरिकेचा तो एकमेव गोल झाला तेव्हा ॲलन जागा सोडून प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते, अशी आख्यायिका सांगितली जाते. भारतीय संघाविषयी परदेशी प्रेक्षकांना वाटणारे कुतूहल या कथेतून दिसते. मात्र तिच्यामुळे ॲलन यांची खरी कामगिरी झाकोळली गेली. गोल करणाऱ्यांची नावे घरोघरी पोहोचली. गोल अडवणाऱ्याचे नाव एका गमतीदार प्रसंगापुरते उरले. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्याला वा चेहऱ्याला संरक्षण नसे आणि चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखा कठीण असे, हे ध्यानात घेता त्यांच्या सातत्याचे मोल कळते. १९४८ ते १९५६ या काळात रंगनाथन फ्रान्सिस या भारतीय गोलरक्षकानेही तीन सुवर्णपदके मिळवली. या परंपरेचा आरंभ नागपुरात जन्मलेल्या ॲलन यांच्यापासून होतो.