श्वासाला प्रयोगशाळेत नेणारा योगी

भिवंडीत वऱ्हाळदेवी तलावाच्या काठी सकाळी फिरायला आलेल्यांत कुणी ना कुणी कपालभाती किंवा भस्त्रिका करताना दिसतो. भराभर श्वास घेतला की शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, अशी त्यामागची समजूत असते. ही समजूत सुमारे शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्यात एका योग्यानेच तपासून पाहिली होती. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातेतील डभोईचा. बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे धडे घेतले, पुढे खानदेशात अमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. गुरूंवर श्रद्धा होती, तरी शरीरात नेमके काय घडते याचा पुरावा त्यांना हवा होता. म्हणून बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी केली. 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाला वाहिलेले त्रैमासिकही.

तेथे प्राणायाम करणाऱ्यांच्या श्वासातील वायूंचे मोजमाप झाले. प्राणायामाचे महत्त्व जादा ऑक्सिजनमध्ये नसून मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे मत कुवलयानंदांनी मांडले. शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्तातील हिमोग्लोबिन शांत बसलेले असतानाही सुमारे 97 टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. त्यात आणखी भर घालायला फारशी जागाच नसते.

मग श्वास रोखल्यावर जीव कासावीस का होतो? त्याचे मुख्य कारण साचणारा कार्बन डायऑक्साइड. त्याने वाढणारी आम्लता मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील पेशींना जाणवते आणि श्वास घेण्याचा आदेश सुटतो. ऑक्सिजनवर पहारा असतो तो मानेतल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरोटिड पिंडांचा. त्यांच्या कार्यावरील संशोधनासाठी बेल्जियमच्या कॉर्नेल हेमन्स यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील ऑक्सिजन बराच घटला की या पिंडांतून एटीपीसारखी रसायने स्रवतात, मज्जातंतू चेततात आणि लंबमज्जेत ग्लुटामेट हे रसायन श्वासाची गती वाढवते. ऑक्सिजनची कमतरता लांबली, तर मेंदूत ॲडिनोसिनसारखी रसायने वाढून तीच गती पुन्हा मंदावू लागते.

यातच एक धोका दडलेला आहे. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्याआधी काही पोहणारे मुद्दाम भराभर श्वास घेतात. त्यामुळे ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड खूप कमी होतो. मग पाण्याखाली ऑक्सिजन संपत आला तरी कासाविशी होत नाही आणि वर येण्याची इच्छा होण्याआधीच शुद्ध हरपते. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही असे जीव गेले आहेत. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी भस्त्रिकेसारखा जलद श्वसनाचा कोणताही प्रकार करू नये. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अपस्मार असणाऱ्यांनी जमिनीवरही तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

कुवलयानंदांनी 1931 मध्ये प्राणायामावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे मुंबईत योगोपचाराचे केंद्र उभारले. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही कैवल्यधामात प्रयोग चालू राहिले. जमिनीखालच्या हवाबंद खड्ड्यात माणूस बसवून आतल्या हवेतला घटणारा ऑक्सिजन आणि वाढणारा कार्बन डायऑक्साइड तेथे मोजला गेला. योगाविषयीचा प्रत्येक दावा मोजून पाहण्याची त्यांनी लावलेली सवय संस्थेने सोडली नव्हती.