पोवळ्याचे गुपित शोधणारे डॉक्टर पेसोनेल

ज्याँ आंद्रे पेसोनेल यांचा जन्म १६९४ साली फ्रान्स देशात मार्सेल या शहरी झाला. मार्सेल हे भूमध्य समुद्राकाठचे मोठे बंदर आहे. त्यांचे वडील डॉक्टर होते. तेही शिकून डॉक्टर झाले. १७२० साली मार्सेलला प्लेगची भयंकर साथ आली. हजारो माणसे मेली. त्यात त्यांचे वडीलही वारले.

पण मी त्यांची माहिती लिहितोय ती पोवळ्यासाठी. पोवळं म्हणजे आपल्याकडे बायका माळेत ओवतात तो लाल मणी. माझ्या आजीच्या माळेत दोन आहेत. हे पोवळं भूमध्य समुद्रात खडकाला चिकटून वाढतं. दिसायला बिनपानांच्या लाल झुडपासारखं, फांदीला फांदी फुटलेली. म्हणून मोठमोठे विद्वान त्याला झाडच समजत. ते पाण्यात मऊ असतं आणि हवा लागली की दगड होतं, असंही पूर्वीचे लोक सांगत. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटलीच्या विद्वानाने ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर पांढरी फुलं उमलली. एकेका फुलाला आठ पाकळ्या! मग तर सगळ्यांची खात्रीच झाली. फुलं येतात म्हणजे झाडच की.

पेसोनेल यांना राजाने आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पाठवले होते. तिथे कोळी लोक जाळ्याने पोवळं ओढून काढत. १७२५ साली त्यांनी तिथलं ताजं पोवळं भांड्यात समुद्राच्या पाण्यात ठेवलं आणि नीट बघत बसले. फुलं उमलली. भांडं हलवलं तर ती पटकन मिटली. आंबट पदार्थ पाण्यात टाकला तरी मिटली. लाजाळू मिटते, पण ती पानं. आणि लाजाळू कुजली तरी मासळीसारखी घाण मारत नाही. पोवळं ठेवून दिलं तर कुजक्या मासळीचा वास सुटला. तेव्हा त्यांना कळलं, की ही फुलं नाहीत, बारके बारके जीव आहेत. पाकळ्या म्हणजे त्यांचे हात.

गुरुजींनी आम्हाला फळ्यावर पोवळ्याची चिरलेली फांदी काढून दाखवली. मधोमध लाल टणक दांडा असतो, बाभळीच्या गाभ्यासारखा. तो चुन्याचा. त्याचाच मणी करतात. दांड्यावर मऊ साल असते. सालीत खळगे, आणि खळग्या-खळग्यात एकेक जीव बसलेला. त्याला आठ हात, आणि हातांना पिसासारखे दाते. सालीतून बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्यामुळे एकाने खाल्लं की त्यातलं दुसऱ्यालाही पोचतं. मला हे फार आवडलं.

सुरुवातीला एकच पिल्लू पोहत येऊन खडकाला चिकटतं. केळीच्या बुंध्याला पिल्लं फुटतात तसा त्याच्या अंगाला दुसरा जीव फुटतो, मग तिसरा, असं करत फांद्या होतात. सगळे मिळून आतला दांडा वाढवतात. पण फार हळू. वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाडी वाढत नाही. म्हणजे आजीच्या माळेतला एवढासा मणी कितीतरी वर्षांचा असेल! याचेच काही भाऊबंद अगदी मऊ असतात. त्यांच्यात दांडाच नसतो. अंगात चुन्याचे कण असतात आणि ते पाण्याने फुगून उभे राहतात.

पेसोनेल यांनी आपला शोध पॅरिसला कळवला. तिथे रेओम्यूर हे फार मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना तो खराच वाटला नाही. १७२७ साली त्यांनी सभेत त्याबद्दल सांगितलं, पण शोध कुणाचा ते नाव घेतलं नाही. लोक पेसोनेलना हसतील म्हणून नाव लपवलं म्हणे. मला हे काही पटलं नाही. ज्याने बघितलं त्याचं नाव घ्यायला पाहिजे होतं.

पेसोनेल मग राजाचे डॉक्टर म्हणून ग्वादलूप बेटावर गेले. क्रिकेटमुळे आपल्याला वेस्ट इंडीज माहीत आहे ना, त्या बाजूला हे बेट आहे. तिथेही ते समुद्रातले जीव बघतच राहिले.

पुढे १७४० साली ट्रेंबले नावाच्या गृहस्थांनी हॉलंडमध्ये डबक्यातला एक जीव शोधला. तो झाडासारखा दिसे, पण शिकार करी. त्याचे दोन तुकडे केले तर दोन जीव होत. मग पॅरिसचे लोक चपापले. समुद्रावर जाऊन पुन्हा तपासलं, तर पेसोनेल यांचंच खरं निघालं. १७४२ साली रेओम्यूर यांनी पुस्तकात पेसोनेल यांचं नाव छापून ते मान्य केलं. म्हणजे पंधरा वर्षं गेली.

पेसोनेल यांनी नंतर सुमारे ४०० पानं हाताने लिहिलेला ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्याचा सारांश १७५३ साली छापून आला. १७५९ साली ग्वादलूप बेटावरच ते वारले.