विचार कुठे थांबवायचा? अ‍ॅलन ट्युरिंग आणि बुद्धिबळाचे यंत्र

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत दोन-चार जण तरी मोबाइलवर संगणकाशी बुद्धिबळ खेळताना दिसतात. संगणक काही चाली पापणी लवायच्या आत करतो, एखाद्या चालीला मात्र रेंगाळतो. हे खेळणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. यंत्राला थकवा नाही, भीती नाही, मग ते थांबते कशासाठी? या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण अ‍ॅलन ट्युरिंग यांच्यापाशी पोचतो.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. मुंबईहून पुणे, दौंड, सोलापूर असा जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला याच मद्रास रेल्वेला मिळाला. आईवडील भारतात असल्याने अ‍ॅलन आणि त्यांच्या भावाचे बरेचसे बालपण इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी गेले.

केंब्रिजला शिकून तिथेच संशोधन करणाऱ्या या तरुणाने १९३६ मध्ये, आजच्यासारखा संगणक अस्तित्वात नसताना, त्याची कल्पना कागदावर मांडली. असे यंत्र कितीही वेळ चालवले तरी काही प्रश्नांचा निकाल ते देऊ शकणार नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे 'एनिग्मा' संदेश उलगडण्याच्या कामावर होते. त्या संकेतांची चावी रोज बदलत असे. उत्तर बरोबर असून भागत नव्हते, ते वेळेत यावे लागे. परागकणांच्या अ‍ॅलर्जीमुळे ट्युरिंग जूनमध्ये चक्क गॅस मास्क लावून सायकल चालवत. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती.

ब्लेचलीत त्यांच्या आजूबाजूला ह्यू अलेक्झांडर यांच्यासारखे नामांकित बुद्धिबळपटू होते. स्वतः ट्युरिंग मात्र साधारण खेळाडू. तरीही यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे, हा विषय त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९४८ मध्ये मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांच्यासोबत त्यांनी त्यासाठी नियम तयार केले. ते चालवू शकेल असा संगणक हाताशी नव्हता. म्हणून १९५२ मध्ये अ‍ॅलिक ग्लेनी यांच्याविरुद्धच्या डावात ट्युरिंग स्वतःच यंत्र झाले. नियमांनुसार कागदावर आकडेमोड करून ते चाल ठरवत. एकेका चालीला अर्धा तास लागे. तो डाव 'यंत्र' २९ चालींत हरले.

त्या नियमांमागची अडचण समजून घेण्यासारखी आहे. डावाच्या मध्यात एका खेळाडूला साधारण तीस चाली उपलब्ध असतात. आपली एक चाल आणि प्रतिस्पर्ध्याचे एक उत्तर एवढेच पाहिले तरी हजाराच्या आसपास शक्यता होतात. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये अंदाज मांडला, की पूर्ण डावांच्या शक्यता एकावर १२० शून्ये इतक्या आहेत. म्हणजे सगळे पाहणे अशक्य. विचार कुठे तरी थांबवावाच लागतो. पण कुठे?

ट्युरिंग यांनी आपली प्रत्येक चाल आणि तिला येणारे प्रत्येक उत्तर पाहायचे ठरवले. त्यापुढे मात्र जिथे मारामारी चालू आहे किंवा मात होण्याची शक्यता आहे तिथेच जायचे. पट शांत झाला की थांबायचे आणि मोहरी मोजायची: प्यादे १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १०. आमच्या सरकारी ओपीडीत हेच चालते. साध्या सर्दीच्या रुग्णाला दोन मिनिटे पुरतात. छातीत दुखून घाम फुटलेला रुग्ण आला की ईसीजी होईपर्यंत पुढचा नंबर थांबतो. सगळ्यांना सारखा वेळ देणे हा न्याय वाटतो, पण त्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

आजचे संगणक हीच रीत घड्याळाशी जोडून वापरतात. उरलेला वेळ उरलेल्या अंदाजे चालींत वाटला जातो. मग आधी एक चाल पुढचे पाहायचे, नंतर दोन, नंतर तीन, असे खोल जायचे. त्यामुळे वेळ कधीही संपली तरी एक उत्तर तयार असते. खोल गेल्यावरही तीच चाल चांगली दिसत राहिली, तर यंत्र वाटणीचा वेळ शिल्लक ठेवून खेळते. चांगली वाटलेली चाल अचानक वाईट दिसू लागली, तर जादा वेळ घेते. एकच चाल शक्य असेल तर विचारच करत नाही. आपण डोके खाजवत असतो, तेव्हा ते आपली चाल ओळखून पुढचा हिशोब करत असते. मे १९९७ मध्ये कास्पारोव यांना हरवणारा 'डीप ब्लू' सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. त्यालाही वेळेचे बजेट लागतच होते.

१९५० च्या एका निबंधात ट्युरिंग यांनी माणूस आणि यंत्र यांच्यातला काल्पनिक संवाद रंगवला आहे. त्यात उत्तर देणारा बुद्धिबळाच्या सोप्या कोड्याला १५ सेकंद लावतो आणि एका बेरजेला ३० सेकंद. वर बेरीज चुकवतो. माणूस वाटायचे तर यंत्राला मुद्दाम उशीर करावा लागेल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

ज्या १९५२ मध्ये ग्लेनींशी डाव झाला, त्याच वर्षी ट्युरिंग यांच्यावर समलिंगी संबंधांबद्दल खटला चालला. इंग्लंडमध्ये तेव्हा तो गुन्हा होता. तुरुंग किंवा हार्मोनचे उपचार, असा पर्याय त्यांच्यासमोर ठेवला गेला. त्यांनी उपचार पत्करले. वर्षभर त्यांना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे औषध दिले गेले. पुरुषात त्याने छाती वाढते, लैंगिक क्षमता जाते, मनही खचू शकते. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. काही अभ्यासकांना तो अपघात वाटतो. वय होते ४१.

ते औषध डॉक्टरांच्या हातून गेले, हे डॉक्टर म्हणून मला विसरता येत नाही. हा आजार आहे का, एवढाच प्रश्न आणखी थोडा वेळ तपासायला हवा होता. वैद्यकाने तो मिटलेला समजून पुढची पायरी गाठली. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली. ब्रिटिश पंतप्रधानांनी ट्युरिंग यांच्याबाबत २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांना माफी दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, असा कल 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

तरीही आपल्या मुलाला किंवा मुलीला यावर औषध द्या, किंवा लग्न लावले की सुटेल, असे म्हणणारी घरे आजही आहेत. यावर गोळी नाही आणि तिची गरजही नाही. लग्नाची घाई केली तर दोन आयुष्ये अडकतात. मुलाचे बोलणे पूर्ण ऐका, निर्णयाला वेळ द्या. कोणी निराश असेल, जगणे नको म्हणत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.